वर्षभराच्या शर्यती आणि रात्रभराच्या रिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आमच्या रिले संघाची कप्तान आहे. संघात सगळ्यात वेगवान मी नाही. वेळांचा तक्ता माझ्याकडे असतो, म्हणून कप्तान. त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात: नव्यांचे, जुन्यांचे आणि 'सहज विचारतोय' म्हणत पहाटे तीनला येणारे. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. मी हौशी धावपटू आहे, डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

१. मॅरेथॉन म्हणजे नेमकं किती अंतर? '१० किलोमीटरची मॅरेथॉन' म्हटलं तर काय बिघडलं?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावलं गेलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. हाफ म्हणजे त्याच्या निम्मं, २१.०९७५. बाकी सगळ्या नुसत्या शर्यती. बोलताना कुणी १० किलोमीटरला मॅरेथॉन म्हटलं तर मी वाद घालत नाही, पण नाव नोंदवताना अंतराचा आकडा वाचा. आमच्यातल्या एकाने पाहुण्यांना 'मॅरेथॉन धावतोय' असं सांगून बोलावलं होतं, आणि पाहुणे पोचेपर्यंत त्याची ५ किलोमीटरची शर्यत संपून तासभर झाला होता.

२. रात्रभराची रिले म्हणजे काय? सगळे एकदम धावतात का?

नाही. रस्त्यावर एका वेळी संघातला एकच जण असतो. सर्वांत रूढ साचा असा: १२ जण, दोन गाड्या, साधारण ३२० किलोमीटरचा रस्ता आणि त्याचे ३६ टप्पे. प्रत्येकाच्या वाट्याला तीन टप्पे येतात, म्हणजे दीड दिवसात साधारण २६-२७ किलोमीटर. पहिल्या गाडीतले सहा जण एकामागून एक धावतात, मग दुसऱ्या गाडीतले सहा, मग पुन्हा पहिली गाडी. एकाने दुसऱ्याकडे सोपवायची बॅटन म्हणून बहुतेक ठिकाणी मनगटाला चटकन गुंडाळली जाणारी पट्टी असते.

अमेरिकेतली हूड टू कोस्ट १९८२ पासून चालू आहे आणि हा साचा रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. रॅग्नार ही तिथलीच दुसरी रिले २००४ मध्ये युटा राज्यात सुरू झाली. डोंगरवाटांवरच्या रॅग्नारमध्ये गाड्यांचा प्रश्नच येत नाही: आठ जण, एकच तळ आणि तळाभोवतीच्या तीन वेगवेगळ्या फेऱ्या प्रत्येकाने एकेकदा करायच्या. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. जपानमधली पहिली एकिडेन, म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले, १९१७ मध्ये क्योटो ते टोकियो अशी झाली, ५०० किलोमीटरहून जास्त अंतर, तीन दिवस. स्वीडनची टिओमिला १९४५ पासून आणि फिनलंडची युकोला १९४९ पासून भरते. या दोन्हींत रात्रीच्या जंगलात नकाशा वाचत रिले धावतात. त्यांच्यापुढे आपली डांबरी रस्त्यावरची रात्र म्हणजे चैनच.

३. रिलेसाठी किती वेग लागतो? आधी हाफ मॅरेथॉन केलेली असावी का?

वेगाची अट सहसा फार सैल असते, कारण संथ संघांना आधी सोडतात आणि वेगवान संघांना नंतर, म्हणजे शेवटाकडे सगळे आसपास पोचतात. हाफ केलेली असेल तर बरं, पण ती सक्तीची नाही. मी नव्यांना वेगळी कसोटी सांगते: आज संध्याकाळी ८ किलोमीटर धावल्यावर उद्या सकाळी पुन्हा ८ धावता येतात का? हसत नसलात तरी चालेल, लंगडत नसलात म्हणजे झालं. हे जमत असेल तर तुम्ही रिलेला तयार आहात. ९० मिनिटांत सुसाट हाफ मारून पुढचे चार दिवस जिना उतरता न येणारा माणूस मला संघात नको असतो.

४. वर्षात किती शर्यती धावाव्यात?

मला विचाराल तर दोन मोठ्या आणि तीन-चार किरकोळ. मोठी म्हणजे जिच्यासाठी दोन-तीन महिने मुद्दाम तयारी होते: मॅरेथॉन, वेळेसाठी धावलेली हाफ किंवा रिले. किरकोळ म्हणजे जिथे तुम्ही सरावाचाच भाग म्हणून जाता आणि निकालावर मूड अवलंबून नसतो.

पहिल्या वर्षी मी दर महिन्याला एक शर्यत धावले. दर वेळी आठवडाभर आधी आराम, आठवडाभर नंतर आराम, मग उरलेल्या दोन आठवड्यांत सराव होणार तरी किती? वर्षाच्या शेवटी पदकांनी खुंटी भरली होती आणि १० किलोमीटरची माझी वेळ जानेवारीपेक्षा वाईट होती. शर्यतींच्या मधल्या कोऱ्या आठवड्यांतच माणूस सुधारतो. नोंदणी करताना ते कोरे आठवडे दिसत नाहीत, हीच गोम आहे.

५. वर्षाची आखणी कुठून सुरू करावी?

शेवटून. कॅलेंडरवर मोठ्या शर्यतीची तारीख मांडा आणि मागे मोजत या. मॅरेथॉन असेल तर शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे, म्हणजे सराव कमी करत नेण्याचे (प्रश्न ७), त्याआधीचे १२ ते १४ आठवडे खरी बांधणी. मॅरेथॉननंतर दोन ते चार आठवडे काहीही मोठं नाही. मग उरलेल्या जागेत रिले बसते का ते पाहा. बसत नसेल तर ती ढकलू नका, सोडा. आणि वर्षातून एकदा दोन-तीन आठवडे घड्याळ काढून ठेवा. पोहा, सायकल चालवा, झोपा. हा भाग लोक सगळ्यात आधी खोडतात.

बांधणीच्या काळात बहुतेक धावणं गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीचं ठेवा. आठवड्यातून एक लांब रन, एखादा जोराचा सराव, बाकी सगळं निवांत. हौशी माणसाचा नेहमीचा घोळ असा की निवांत दिवशी तो जरा जोरात जातो आणि जोराच्या दिवशी पाय उचलत नाहीत.

६. माझ्या १० किलोमीटरच्या वेळेवरून मॅरेथॉनची वेळ काढता येते का?

अंदाज काढता येतो. पीटर रीगेल यांचं सूत्र सगळ्यात जास्त वापरलं जातं: नवं अंतर भागिले जुनं अंतर, त्याचा १.०६ वा घात, गुणिले जुनी वेळ. १० किलोमीटरला ६० मिनिटं लागत असतील तर हाफ सुमारे २ तास १२ मिनिटं आणि मॅरेथॉन सुमारे ४ तास ३६ मिनिटं. हाफचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. मॅरेथॉनचा आकडा हौशी माणसाच्या बाबतीत फार आशावादी निघतो, कारण सूत्र गृहीत धरतं की तुमची त्या अंतराची तयारी झालेली आहे. आठवड्याला ३० किलोमीटर धावणाऱ्याने त्यात १५-२० मिनिटं सरळ मिळवावीत, आणि पहिलीच वेळ असेल तर घड्याळाकडे न बघता पूर्ण करावी. रिलेसाठी हे सूत्र वापरू नका. का, ते प्रश्न २२ मध्ये आहे.

७. टेपरमध्ये पाय उलट जड का वाटतात? काही बिघडलंय का?

काही बिघडलेलं नाही. शर्यतीआधीचे साधारण दोन आठवडे एकूण अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करायचं, पण वेगाचे छोटे तुकडे तसेच ठेवायचे, एवढाच टेपर. या काळात गुडघा दुखतो, घसा खवखवतो, नसलेली कळ जाणवते. मी या दुखण्यांची यादी करून बाजूला ठेवते, आणि निम्म्याहून जास्त शर्यतीच्या सकाळी आठवतही नाहीत. करू नये ते एकच: 'राहिलेला' लांब रन शेवटच्या आठवड्यात उरकणं. त्याचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र तेवढा हजर असतो.

८. माझ्या घड्याळात ४२.७ किलोमीटर आले. आयोजकांनी जास्त धावायला लावलं का?

बहुधा नाही. प्रमाणित मार्ग सायकलला लावलेल्या मोजणीयंत्राने, वळणं आतल्या बाजूने कापत, शक्य तेवढ्या जवळच्या रेषेवरून मोजतात. शिवाय मार्ग चुकून आखूड भरू नये म्हणून हजारात एक भाग मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. आपण मात्र वळणाच्या बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके वळतो, कुणाला तरी ओलांडायला कडेने जातो. त्यात घड्याळाची स्वतःची चूक, विशेषतः उंच इमारतींमध्ये आणि बोगद्यांत. म्हणून लक्ष्याचा पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, ठरवताना ४२.२ ऐवजी ४२.६ धरून गणित करा आणि रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक पाहून घड्याळाचं लॅपचं बटण स्वतः दाबा.

९. गन टाइम आणि चिप टाइम यात माझा खरा वेळ कोणता?

तुमच्यासाठी चिप टाइम, म्हणजे तुम्ही स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनचा. बक्षिसाचे क्रम मात्र बहुतेक ठिकाणी गन टाइमवर, म्हणजे शर्यत सुटल्यापासूनच्या वेळेवर, ठरतात. कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, कशावर मोजणार हे शर्यतीगणिक बदलतं, तेवढं नियमांत बघून घ्या. गर्दीत मागे उभं राहणाऱ्याची पाच-सात मिनिटं तिथेच जाऊ शकतात.

१०. पाणी किती प्यावं? 'तहान लागण्याआधी प्या' हे खरं का?

तहानेप्रमाणे प्या. जबरदस्तीने पाणी ढोसणं संथ धावपटूंसाठी धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, आणि क्वचित जीवही जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याचा सगळ्यात घट्ट संबंध धावताना वजन वाढण्याशी होता. शर्यतीनंतर तुमचं वजन आधीपेक्षा जास्त भरत असेल, तर तुम्ही जास्त प्यायलात. अंगठी घट्ट होणं, बोटं सुजणं ही खूण ओळखायला सोपी. अशा वेळी 'आणखी पाणी दे' म्हणणारा मित्र शत्रूच ठरतो. भ्रम किंवा उलट्या असतील तर थेट वैद्यकीय तंबूत जा.

उन्हाच्या शर्यतीत घाम जास्त जातो हे खरंच. पण त्यावरचा खरा उपाय म्हणजे वेग कमी करणं आणि आधी १०-१४ दिवस उन्हात थोडं थोडं धावून शरीराला सवय लावणं.

११. रिलेत कुणाला कोणता टप्पा द्यावा?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

सगळे आधी चढ बघतात आणि दणकट माणसाला सगळ्यात मोठा चढ देतात. मी आधी उतार बघते. लांब उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावतात, आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशी चढतं. रिलेत तुमचा तिसरा टप्पा पहिल्यानंतर साधारण वीस-बावीस तासांनी येतो, म्हणजे नेमका दुखणं वर यायला लागण्याच्या वेळी. पहिल्या टप्प्यात सहा किलोमीटर उतार ज्याला दिलात, तिसऱ्या टप्प्यात त्याचे हाल बघवत नाहीत. उतार त्यालाच द्या ज्याने सरावात उतार धावलेले आहेत.

दुसरं, गाडीतला क्रम. गाडीतला पहिला धावपटू झोपेतून उठून धावतो. शेवटचा धावपटू धावून लगेच झोपायला जातो, पण त्याच्या अंगात अजून धावण्याची धुंदी असते. म्हणून पहिल्या जागी चटकन जागी होणारी व्यक्ती हवी, आणि सहाव्या जागी अशी, जी दगडावर डोकं टेकलं तरी घोरायला लागते. माणसं वर्षानुवर्षं ओळखीची असतात, पण त्यांची झोप कशी आहे ते कुणालाच माहीत नसतं. सरळ विचारा.

तिसरं, तोंडाळ आणि अबोल लोक दोन गाड्यांत वाटून टाका. सगळे गप्पिष्ट एका गाडीत आले तर त्या गाडीत कुणी झोपत नाही. सगळे अबोल एका गाडीत आले तर पहाटे चार वाजता ती शोकसभा वाटते.

आणि ज्याला अंधाराची खरोखर भीती वाटते, त्याला असा क्रमांक द्या की मधला टप्पा उजाडताना येईल. सगळ्यांनी एकदा भीतीवर मात केलीच पाहिजे असा काही नियम नाही.

१२. तीन टप्प्यांचा सराव कसा करावा?

शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी एकदाच पूर्ण रंगीत तालीम करा: एक दिवस संध्याकाळी ८, पुढच्या पहाटे साडेचार-पाचला ८, आणि दुपारी ६-७ किलोमीटर. मधल्या काळात जमिनीवर किंवा गाडीच्या सीटवर झोपा, गादीवर नको. याशिवाय महिनाभर आठवड्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा धावलात तर पुष्कळ. तालीम दर आठवड्याला करणारे लोक मी पाहिले आहेत. ते रिलेला आधीच थकून येतात.

१३. रिलेत झोप किती मिळते?

गणित करून बघा. संघाचा सरासरी पेस ६:३० धरला तर ३२० किलोमीटरला सुमारे ३४ तास ४० मिनिटं लागतात, आणि एका गाडीची एक पाळी साधारण पावणेसहा तासांची होते. पहिल्या धावपटूचा टप्पा संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत साडेदहा तास असतात. ऐकायला भरपूर. पण त्यातले जवळजवळ पाच तास आपल्याच गाडीतल्या बाकीच्या पाच जणांमागे जातात. उरलेल्या पावणेसहातून पुढच्या ठिकाणी पोचणं, खाणं, कपडे बदलणं आणि तासभर आधी तयार राहणं वजा करा. हातात दोन-अडीच तास उरतात.

म्हणून आधीचे चार-पाच दिवस रोज तासभर जास्त झोपा. रिलेत वेळ कमी असेल तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, भरपूर असेल तर दीड तास. उठल्याउठल्या धावायला लावू नका, डोकं ठिकाणावर यायला अर्धा तास लागतो. माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं, त्यामुळे त्या वेळचा टप्पा अकारण अवघड वाटतो आणि थंडीही जास्त वाजते. पेस किलोमीटरमागे अर्धा मिनिट घसरला तर मनाला लावून घेऊ नका.

१४. गाडी धावपटूंनीच चालवली तर चालेल का?

शक्य असेल तर नको. रिलेतला सगळ्यात मोठा धोका रस्त्यावरच्या धावपटूला जेवढा आहे, तेवढाच दुसऱ्या दिवशी सकाळी झोप न झालेल्या चालकाकडून आहे. प्रत्येक गाडीला न धावणारा एक चालक मिळवा आणि त्याची झोप तक्त्यात लिहा, धावपटूंच्या आधी. चालक मिळालाच नाही तर नियम ठरवा: नुकताच टप्पा संपवलेला माणूस पुढचे दोन तास चाकावर बसणार नाही, आणि चालकाशेजारी नेहमी एक जण जागा. शेवटचा टप्पा संपवून लगेच घरी निघणं हा मूर्खपणा आहे. हे मी स्वतः केलं आहे आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हात थरथरत बसले आहे. कुठेतरी चार तास झोपा, मग निघा.

१५. रात्री एकटीने धावायला भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

परावर्तक जाकीट, कपाळावर हेडलॅम्प, पाठीवर लाल लुकलुकणारा दिवा. बहुतेक रिलेंत हे नसेल तर सोडतच नाहीत. हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या गाडीत नाही, खिशात. कानात काही घालू नका. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा, आयोजकांनी दुसरी बाजू सांगितली असेल तर ती.

आमच्या संघात रात्री गाडी दर दीड-दोन किलोमीटरवर थांबते. ज्याला हवं त्याच्यासोबत दुसरा धावतो, नियम परवानगी देत असतील तर. बायकांना हा प्रश्न एकट्याने विचारावा लागतो आणि पुरुष तो विचारायला लाजतात, म्हणून मी तक्त्यातच 'रात्री सोबत हवी : हो / नाही' असा रकाना टाकला. पहिल्याच वर्षी सात जणांनी 'हो' लिहिलं, त्यात चार पुरुष.

वळणावर खूण दिसली नाही तर पुढे जाऊ नका. शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. अंधारात 'पुढे असेल' म्हणत मी अडीच किलोमीटर चुकीच्या रस्त्याने गेले आहे.

१६. रिलेत काय खावं आणि कॉफी कधी?

मॅरेथॉनमध्ये गणित सरळ असतं: शरीरातला साखरेचा साठा मर्यादित, म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, अडीच तासांहून लांब शर्यतीत सवय असेल तर ९० पर्यंत. रिलेत प्रत्येक टप्पा तासाभराचा, त्यामुळे धावताना काही लागत नाही. अडचण मधल्या वेळेची असते. टप्पा संपल्यावर तासाभरात नीट जेवा, मग पुढच्या टप्प्याआधी दोन तास फक्त हलकं. रात्री गाडीत बसून तळलेलं खाल्लं की दुसऱ्या टप्प्यात पोट बोलतं. आणि सरावात न खाल्लेलं काहीही त्या दिवशी नाही.

कॉफीचा असर निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणून ती झोपेच्या आधी नको, पहाटेच्या टप्प्याच्या पाऊण तास आधी घ्या.

१७. ऐनवेळी संघातला एक जण गळाला. आता?

शर्यतीच्या आठवड्यात गळाला तर बदली खेळाडू शोधा. त्यासाठी एक-दोन नावं आधीपासून राखून ठेवा. शर्यत चालू असताना गळाला तर त्याचे उरलेले टप्पे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, पण कसे ते प्रत्येक आयोजकाचं वेगळं असतं. काही ठिकाणी क्रमातला पुढचा धावतो, काही ठिकाणी कोणीही. हे पान आधी वाचून ठेवा, रात्री दोनला नेटवर्क नसतं. आणि गळालेल्याला गाडीतच ठेवा, त्याला घड्याळ द्या. रुसून कोपऱ्यात बसलेला माणूस गाडीचं वातावरण नासवतो.

१८. मॅरेथॉन आणि रिले यांत तीनच आठवडे आहेत. दोन्ही धावू का?

रिले आधी असेल तर जमेल, अट एवढीच की तिन्ही टप्पे निवांत धावायचे. तेव्हा ती रिले तुमचा शेवटचा मोठा सराव ठरते आणि तिथून टेपर सुरू होतो. झोपेची थकबाकी मात्र त्याच आठवड्यात फेडा. मॅरेथॉन आधी असेल तर मी नको म्हणते. तरी जाणारच असाल तर कप्तानाला आधी सांगा आणि सगळ्यात छोटे, सपाट टप्पे घ्या. न सांगता येऊन दुसऱ्या टप्प्यात बसकण मारणाऱ्यांचा भार बाकी अकरा जणांवर पडतो.

१९. थोडा ताप आहे, वेदनाशामक गोळी घेऊन धावू का?

नाही. नुसतं नाक गळत असेल तर हळू धावून बघायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर अजिबात नाही, विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या धावण्याआधी किंवा धावताना घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि दुखणं झाकल्यामुळे इजा वाढते ती वेगळीच. छातीत दुखलं, चक्कर आली तर जिथे आहात तिथे थांबा.

२०. मैत्रीण येऊ शकत नाही. तिच्या बिबवर (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावर) मी धावू का?

आयोजकांनी अधिकृतपणे नाव बदलून दिलं तरच. नाहीतर तुम्ही रस्त्यात कोसळलात तर डॉक्टरांसमोर तिचा रक्तगट, तिची औषधं, तिच्या घरचा फोन येतो. शिवाय तिच्या वयोगटातलं बक्षीस तुम्ही उडवलंत तर भलतीच पंचाईत.

२१. पाळी नेमकी रिलेच्या दिवशी येणार आहे. गोळ्या घेऊन पुढे ढकलू का?

तो निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. संघातल्या कुणाच्याही आग्रहाने घेऊ नका. धावायला पाळीची आडकाठी नसते. अडचण स्वच्छतागृहाची असते, म्हणून प्रत्येक गाडीत सगळ्यांना माहीत असलेली एक पिशवी ठेवतो: पॅड, ओले रुमाल, कोरडे कपडे, कचऱ्याच्या थैल्या. ती कुणाकडे मागावी लागत नाही.

उलटी गोष्ट जास्त गंभीर आहे. सराव वाढल्यावर सलग तीन महिने पाळी आली नाही तर 'तेवढीच कटकट गेली' म्हणू नका. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि हाडांवर त्याचा परिणाम होतो. डॉक्टरांकडे जा.

२२. रिलेतल्या टप्प्यात माझी १० किलोमीटरची सर्वोत्तम वेळ आली. ती पीबी (पर्सनल बेस्ट, म्हणजे अधिकृत स्वतःची सर्वोत्तम वेळ) धरू का?

वहीत लिहा, पीबी धरू नका. टप्प्यांची अंतरं प्रश्न ८ मध्ये सांगितल्यासारखी प्रमाणित मोजलेली नसतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या रस्त्याला उतार असतो. उलटंही खरं: तिसऱ्या टप्प्याची वेळ बघून आपली तयारी गेली असं ठरवू नका. त्याच कारणाने रिलेच्या वेळेवरून मॅरेथॉनचा अंदाजही काढू नका. संघाचा तक्ता करताना मात्र प्रत्येकाचा १० किलोमीटरचा पेस घ्या, पहिल्या टप्प्याला किलोमीटरमागे १५ सेकंद, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४५ मिळवा. हे आकडे माझ्या वहीतले आहेत. आमच्या संघाचा तक्ता यावर अर्ध्या तासाच्या आत जुळतो.

२३. मी टप्पा संपवून पोचलो आणि पुढचा धावपटू तिथे नाहीच. काय करायचं?

पट्टी काढू नका, ठिकाण सोडू नका, स्वयंसेवकाला क्रमांक सांगा. अंगावर काही तरी घाला, घाम थंड झाला की थरथर सुरू होते. फोन गाडीत राहिला असेल तर स्वयंसेवकाचा मागा, म्हणून चालकाचा क्रमांक बिबच्या मागे पेनाने लिहिलेला हवा. पुढचा टप्पा स्वतःच धावायला निघू नका, मग तुम्हाला शोधायला दोन गाड्या लागतात.

हे टाळण्याचा उपाय तक्त्यात आहे. संपवणारा अंदाजापेक्षा लवकर येऊ शकतो, म्हणून पुढचा धावपटू अंदाजित वेळेच्या वीस मिनिटं आधी उभा. त्याला उठवायची जबाबदारी एका नावावर हवी, 'कुणीतरी उठवेल' वर नाही. एका वर्षी मी स्वतःच झोपून राहिले. माझी मैत्रीण पहाटे पावणेचारला एकोणीस मिनिटं एका अनोळखी संघाच्या चादरीत उभी होती. मी धावत पोचले तेव्हा ती काही बोलली नाही, पट्टी माझ्या मनगटावर जरा जोरातच आपटली. तेव्हापासून माझा गजर तीन फोनवर लावलेला असतो, आणि त्यातला एक तिचा.